पुढची कादंबरी नेमक्या कोणत्या शेवटापासून सुरू होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने स्टॅन्ली कुब्रिक यांचा 'द शायनिंग' हा चित्रपट अनेकदा पाहिला आहे, पण स्टीफन किंग यांची मूळ कादंबरी वाचलेली नाही. आता त्याच कथेचा पुढचा भाग असलेली 'डॉक्टर स्लीप' ही कादंबरी त्यांच्या हाती आली आहे आणि तिच्यावरचा चित्रपटही त्यांना पाहायचा आहे. पहिली कादंबरी वगळून थेट दुसरी वाचली तर चालेल का, मूळ कादंबरीऐवजी १९९७ची दूरचित्रवाणी मालिका पाहिली तर भागेल का, आणि एकूणच पहिल्या भागाचा चित्रपट पाहून दुसऱ्या भागाची कादंबरी उघडणे कितपत योग्य आहे, असे त्यांनी विचारले आहे.

कादंबरीवरून पटकथा तयार होत असताना दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचणे, काय गळले, काय बदलले आणि त्या बदलाचा पुढे काय परिणाम होईल याची टिपणे काढणे, हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवाच्या आधारे आधी सरळ उत्तर देते: 'द शायनिंग' ही कादंबरी आधी वाचा, त्यानंतर 'डॉक्टर स्लीप' ही कादंबरी वाचा आणि तिच्यावरचा चित्रपट सर्वांत शेवटी पाहा. पुस्तक नेहमीच चित्रपटापेक्षा श्रेष्ठ असते असे मी मानत नाही. कुब्रिक यांचा चित्रपट मला स्वतंत्रपणे फार मोठी कलाकृती वाटतो. माझे कारण वेगळे आहे. कथेचा पुढचा भाग नेहमी एका ठरावीक शेवटापासून सुरू होतो, आणि कादंबरीचा शेवट व चित्रपटाचा शेवट वेगवेगळे असतील तर पुढचा भाग त्यांपैकी कोणत्या शेवटाचा वारस आहे हे आधी ठरवावे लागते. तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. आधी पुस्तक की आधी चित्रपट, हा त्यातून निघणारा दुय्यम प्रश्न आहे. पुढील विवेचनात जुन्या कथांचे शेवट उघड करावे लागतील. 'डॉक्टर स्लीप'चा शेवट मात्र मी सांगणार नाही.

तुमच्याच उदाहरणापासून सुरुवात करू. या कथेत जॅक टॉरन्स पत्नी वेंडी आणि लहान मुलगा डॅनी यांच्यासह, हिवाळ्यात बंद असलेल्या ओव्हरलुक या झपाटलेल्या हॉटेलची राखण करायला जातो. १९७७ची कादंबरी आणि १९८०चा चित्रपट यांतील अनेक फरक वाचकांच्या गप्पांत येतात: खोलीचा क्रमांक २१७ऐवजी २३७ झाला, बागेतील जिवंत होणारे झुडपांचे प्राणी जाऊन तिथे भूलभुलैया आला, जॅकच्या हातातील लाकडी हातोड्याची कुऱ्हाड झाली. हे फरक पाहायला मनोरंजक असले तरी पुढच्या भागाच्या दृष्टीने त्यांना फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते तीन बदलांना. कादंबरीत हॉटेलचा स्वयंपाकी डिक हॅलोरन जिवंत राहतो आणि वेंडी व डॅनी यांना बाहेर काढण्यास मदत करतो. चित्रपटात तो हॉटेलमध्ये पोहोचताच मारला जातो. कादंबरीत तळघरातील बॉयलरचा स्फोट होऊन ओव्हरलुक हॉटेल नष्ट होते. चित्रपटात हॉटेल जसेच्या तसे उभे राहते आणि जॅक बाहेर बर्फात गोठून मरतो. तिसरा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण मला तोच सर्वांत मोठा वाटतो. कादंबरीतील जॅक हा दारू सोडण्यासाठी जिवाच्या आकांताने झगडणारा बाप आहे, आणि शेवटच्या क्षणी, हॉटेलने त्याचा पूर्ण कब्जा घेतलेला असतानाही, तो क्षणभर स्वतःत परत येऊन मुलाला पळून जायला सांगतो. चित्रपटातील जॅकला हा क्षण मिळत नाही. त्याच्या व्यसनाचा आणि त्याने मुलाचा हात मोडल्याचा उल्लेख चित्रपटात आहे, परंतु तो झगडा कथेचा कणा राहिलेला नाही.

आता २०१३ची 'डॉक्टर स्लीप' उघडून पाहा. सुरुवातीच्याच पानांत लहानग्या डॅनीला हॉटेलातील भुते पुन्हा दिसू लागतात, आणि त्याला मदत करायला येतो तो डिक हॅलोरन, जिवंत आणि हाडामांसाचा. भुतांना मनातल्या पेटीत कोंडून ठेवण्याची युक्ती तोच शिकवतो, आणि पुढची सगळी कादंबरी त्या युक्तीवर उभी आहे. ज्याने फक्त चित्रपट पाहिला आहे त्याच्या मनात इथेच गोंधळ उडतो, कारण त्याने या माणसाच्या छातीत कुऱ्हाड घुसताना पाहिलेली असते. पुढे हा डॅनी मोठा होतो आणि बापासारखाच दारूच्या आहारी जातो. व्यसनमुक्तीच्या सभांना जाणे, सावरणे, पुन्हा घसरण्याची भीती, बापाबद्दलचा राग आणि त्याच्याबद्दलची माया हा या कादंबरीचा खरा विषय आहे, आणि मुलाला पळ म्हणणारा तो बाप ज्याने वाचलेला नाही त्याला डॅनच्या मनातील ही माया कुठून आली हे कळणार नाही. त्याला घटना समजतील, भीतीही वाटेल, पण कादंबरीचे अर्धे वजन हातातून निसटेल. किंग यांनी स्वतः 'डॉक्टर स्लीप'च्या अखेरच्या टिपणात सांगितले आहे की, हा भाग चित्रपटाला नव्हे तर मूळ कादंबरीला अनुसरून आहे आणि त्यांच्या दृष्टीने टॉरन्स कुटुंबाचा खरा इतिहास तोच आहे. हे टिपण पुस्तकाच्या शेवटी असल्यामुळे अनेकांच्या वाचनात ते उशिरा येते.

त्यामुळे २०१९मध्ये 'डॉक्टर स्लीप'वर चित्रपट करणाऱ्या माइक फ्लॅनागन यांच्यासमोरचे काम किती अवघड होते ते लक्षात येईल. त्यांना किंग यांच्या कादंबरीचे रूपांतर करायचे होते, आणि त्याच वेळी कुब्रिक यांच्या चित्रपटाचा पुढचा भागही करायचा होता, कारण प्रेक्षकांच्या मनात कोरलेले हॉटेल, ते गालिचे आणि त्या मार्गिका चित्रपटातल्या होत्या. एका संहितेत हॅलोरन जिवंत होता, दुसरीत मेलेला. एकीत हॉटेल राख झाले होते, दुसरीत उभे होते. फ्लॅनागन यांनी हॅलोरनला मृतात्म्याच्या रूपात आणून तीच शिकवण त्याच्या तोंडून दिली, आणि कादंबरीत जिथे हॉटेलची केवळ जागा उरली आहे तिथे पडद्यावर हॉटेलच उभे केले. शेवटाकडे जाताना, पहिल्या कादंबरीतील जी गोष्ट कुब्रिक यांनी वगळली होती तिला त्यांनी कुशलतेने जागा करून दिली आहे. ती कोणती हे तुम्हाला दोन्ही कादंबऱ्या वाचल्यावर पाहताक्षणी कळेल, आणि चित्रपट शेवटी पाहा असे मी म्हणते त्याचे एक मोठे कारण हेच आहे. मूळ कादंबरी न वाचलेल्या प्रेक्षकाला तो केवळ एक नाट्यमय प्रसंग वाटतो. वाचलेल्याला ती चाळीस वर्षांनी झालेली परतफेड वाटते.

परतफेड हा शब्द मी विचारपूर्वक वापरते, कारण पटकथेवर काम करताना मी बदलांकडे फेडायच्या देण्यासारखे, म्हणजे कर्जासारखे पाहते. पहिल्या भागात केलेला प्रत्येक बदल त्या वेळी योग्य असू शकतो. लांबी कमी होते, पात्रे आटोक्यात राहतात, कथेचा वेग वाढतो. पण मूळ लेखकाने त्याच पात्रावर किंवा वस्तूवर पुढच्या पुस्तकात भार टाकलेला असेल, तर ते देणे पुढच्या पटकथेत फेडावे लागते. म्हणून मालिकेतील पहिल्या कादंबरीची पटकथा माझ्याकडे आली की मी पुढची उपलब्ध पुस्तके वाचल्याशिवाय तिच्यावर मत देत नाही. वगळलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे मी तीन प्रश्न लिहिते: हे पात्र पुढे लागणार आहे का, ही जागा पुढे लागणार आहे का, आणि हे रहस्य कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही. तिसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित राहतो. चित्रपटाच्या सोयीसाठी एखाद्या पात्राला एखादी गोष्ट आधीच कळू दिली, तर दुसऱ्या भागातील त्याचा सगळा प्रवास निरर्थक होऊन बसतो.

किती लहान बदलाचे किती मोठे देणे होऊ शकते याचे मला फार आवडणारे उदाहरण सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' मालिकेतील आहे. २००८च्या पहिल्या कादंबरीत, तरुण मुलांना जीवघेण्या खेळात उतरवणाऱ्या राज्यातील नायिका कॅटनिसला मॉकिंगजे या काल्पनिक पक्ष्याची पिन महापौरांची मुलगी मॅज देते. २०१२च्या चित्रपटात मॅज हे पात्रच नाही. पिन कॅटनिसला बाजारात मिळते, कॅटनिस ती बहिणीला देते आणि खेळासाठी निघताना बहीण तिला ती परत देते. एका चित्रपटापुरता हा निर्णय उत्तम होता, कारण त्यामुळे पिनशी बहिणीचे नाते जोडले गेले आणि एक पात्र कमी झाले. परंतु २००९च्या दुसऱ्या कादंबरीत कळते की ती पिन मॅजच्या मावशीची, मेसिली डॉनरची होती, आणि मेसिली ही त्या जीवघेण्या स्पर्धेच्या पन्नासाव्या खेळात कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच याची साथीदार होती. पुढे २०२५मध्ये त्याच पन्नासाव्या खेळावर 'सनराइज ऑन द रीपिंग' ही स्वतंत्र कादंबरी आली आणि त्यात मेसिली हे महत्त्वाचे पात्र झाले. म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या वेळी जिचे नावही घेण्याची गरज नव्हती, ती मुलगी तेरा वर्षांनी कथेच्या मध्यभागी येऊन उभी राहिली. २०१२मध्ये हे कोणाला ओळखता आले नसते, त्यामुळे त्या पटकथेला मी दोष देणार नाही. वाचक म्हणून तुम्ही एवढेच लक्षात घ्यावे की चित्रपटांच्या मार्गाने आलात तर त्या पिनची वंशावळ तुमच्याजवळ नसते.

आतापर्यंतची उदाहरणे लेखक स्वतःच्या पुस्तकाशी एकनिष्ठ राहण्याची होती. पण नेहमी असेच घडते असे समजू नका. काही लेखकांनी पुढचा भाग लिहिताना उघडपणे चित्रपटाचा हात धरला आहे. आर्थर सी. क्लार्क यांच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या कादंबरीत अंतराळयान शनीच्या जॅपेटस या उपग्रहाकडे जाते, तर त्याच वर्षी, म्हणजे १९६८मध्ये आलेल्या कुब्रिक यांच्या चित्रपटात ते गुरूपाशी थांबते, कारण शनीची कडी पडद्यावर समाधानकारक दाखवणे त्या काळच्या तंत्राला जमले नव्हते. कादंबरी आणि चित्रपट दोघांनी मिळूनच घडवले असल्यामुळे क्लार्क यांना त्याचे वावडे नव्हते. १९८२च्या '२०१०' या पुढच्या कादंबरीत त्यांनी गुरूच स्वीकारला. ज्याने फक्त पहिली कादंबरी वाचली आहे तो इथे अडखळतो आणि ज्याने फक्त चित्रपट पाहिला आहे तो सहज पुढे जातो. तुमच्या उदाहरणाच्या बरोबर उलट.

मायकेल क्रायटन यांचे उदाहरण तर दोन्हींच्या मधले आहे. १९९०च्या 'जुरासिक पार्क' कादंबरीच्या शेवटी गणितज्ञ इयान माल्कम आणि उद्यानाचा मालक हॅमंड दोघेही मेल्याचे कळते. १९९३च्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटात दोघेही वाचतात. १९९५च्या 'द लॉस्ट वर्ल्ड' या दुसऱ्या कादंबरीत क्रायटन यांनी माल्कमला परत आणले आणि त्याच्या मृत्यूची बातमी चुकीची होती असे सांगून टाकले. हॅमंड मात्र मेलेलाच ठेवला. त्यामुळे ही दुसरी कादंबरी माल्कमपुरती चित्रपटाशी जुळते आणि हॅमंडपुरती पहिल्या कादंबरीशी. १९९७च्या दुसऱ्या चित्रपटात हॅमंड जिवंत आहे आणि माल्कमला बेटावर पाठवणारा तोच आहे. अशा मालिकेत कोणता शेवट खरा असे विचारण्यात अर्थ नाही. कादंबऱ्यांची एक जोडी आणि चित्रपटांची दुसरी जोडी, असे दोन वेगळे संच मानून वाचावे आणि पाहावे. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२च्या 'फर्स्ट ब्लड' कादंबरीतही रॅम्बो शेवटी मरतो, चित्रपटात जगतो, आणि १९८५च्या दुसऱ्या चित्रपटावरून पुस्तक लिहिताना मॉरेल यांनी ही विसंगती लपवली नाही, वाचकांना ती सरळ सांगितली. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

कधी कधी चित्रपट पुढच्या पुस्तकाचे केवळ नाव घेतात. रॉबर्ट लडलम यांच्या १९८६च्या 'द बोर्न सुप्रीमसी'मध्ये नायक बोर्नची जोडीदार मारी हिचे अपहरण होते आणि बोर्नला हाँगकाँगकडे जावे लागते; २००४च्या त्याच नावाच्या चित्रपटात मारी सुरुवातीलाच मारली जाते आणि कथा बर्लिन व मॉस्कोकडे वळते. इथे क्रमाचा प्रश्नच उरत नाही. हवे ते आधी घ्या, एकाने दुसऱ्याचे काहीही बिघडत नाही.

एक प्रकार मात्र वाचकाला खरोखर अडचणीत टाकतो: चित्रपट पुस्तकाच्या शेवटापर्यंत पोहोचतच नाही. फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतील पहिल्या कादंबरीवरून २००७मध्ये 'द गोल्डन कंपास' आला, त्यात शेवटची तीन प्रकरणे पुढच्या चित्रपटासाठी राखून ठेवली गेली, आणि तो पुढचा चित्रपट कधीच निघाला नाही. त्या तीन प्रकरणांत नायिकेच्या हातून नकळत घडलेला विश्वासघात आणि दुसऱ्या जगाकडे टाकलेले पाऊल आहे. दुसरी कादंबरी त्या पावलानंतरच्या जगात घडते. हा चित्रपट पाहून दुसरे पुस्तक उघडणाऱ्याला मी ती तीन प्रकरणे तरी वाचायला सांगते. पूर्ण कथा पडद्यावर हवी असेल तर २०१९ ते २०२२ या काळात आलेली 'हिज डार्क मटेरियल्स' ही दूरचित्रवाणी मालिका तिन्ही कादंबऱ्या पार करते.

बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही मान्य करते. घटनाप्रधान रहस्यकथा असेल तर पहिल्या भागाचा चांगला सारांश वाचूनही दुसऱ्या भागाचा आनंद घेता येतो. निवेदन प्रथमपुरुषी असेल, किंवा कथा व्यसन, अपराधभाव, आठवण अशा आतल्या गोष्टींवर उभी असेल, तर सारांश आणि चित्रपट दोन्ही अपुरे पडतात, कारण पडद्यावर माणूस काय करतो ते दिसते आणि करण्याआधी तो मनात किती वेळा मागे फिरला ते बहुधा दिसत नाही. वाचकाचा स्वभावही पाहावा लागतो. काहींना चित्रपटातील चेहरे आधी भेटले की पुस्तकात शिरणे सोपे जाते; काहींना तेच चेहरे अडथळा वाटतात. तुम्ही कुब्रिक यांचा चित्रपट अनेकदा पाहिला आहे म्हणता, म्हणजे मूळ कादंबरीतील जॅक तुम्हाला पहिल्या शंभर पानांत तरी ती भूमिका करणाऱ्या जॅक निकल्सन यांच्याच चेहऱ्याने दिसेल. त्याच्याशी झगडू नका. किंग यांनी त्या माणसाला इतक्या आतून लिहिले आहे की हळूहळू तो चेहरा मागे पडतो.

अनोळखी मालिकेत शिरण्यापूर्वी मी स्वतः काय तपासते तेही सांगते. कादंबरी एक, चित्रपट एक, कादंबरी दोन, चित्रपट दोन यांची वर्षे कागदावर लिहून काढते. दुसरी कादंबरी पहिल्या चित्रपटाच्या आधीची असेल तर ती चित्रपटाला अनुसरूच शकत नाही. ती नंतरची असेल तर लेखकाचे टिपण किंवा प्रस्तावना शोधते, ते पुस्तकाच्या शेवटी असले तरी आधी वाचते, आणि त्यानंतर पहिले प्रकरण एवढ्याच हेतूने चाळते की कोण जिवंत आहे आणि कथा कुठे सुरू होते आहे. या दोन गोष्टी तुम्हाला आठवणाऱ्या शेवटाशी जुळल्या तर निश्चिंतपणे पुढे जा. जुळल्या नाहीत तर दुसरा शेवट कुठे आहे तो शोधा.

आता राहिली १९९७ची मालिका. तीन भागांची ही मालिका मिक गॅरिस यांनी दिग्दर्शित केली आणि तिची पटकथा किंग यांनीच लिहिली, कारण कुब्रिक यांच्या चित्रपटाबद्दलचे असमाधान त्यांनी कधी लपवले नव्हते. घटनांच्या दृष्टीने ती कादंबरीशी प्रामाणिक आहे: खोली २१७ आहे, हॅलोरन जगतो, बॉयलर फुटतो, हॉटेल जाते. त्यामुळे वेळ अगदीच कमी असेल तर मालिका पाहून 'डॉक्टर स्लीप' वाचायला घेतल्यास सुरुवातीची पाने तुम्हाला गोंधळात टाकणार नाहीत. परंतु मालिकेला जॅकच्या डोक्यात शिरता येत नाही, आणि 'डॉक्टर स्लीप'मधला डॅन ज्या गोष्टीशी आयुष्यभर झुंजतो ती तिथेच आहे. म्हणून सवड काढता येत असेल तर कादंबरीच घ्या. ती घेताना निदान दोन ठिकाणी सावकाश वाचा: बॉयलरचा दाब हळूहळू कसा चढतो हे जॅकला सुरुवातीला समजावून सांगितले जाते ते प्रकरण, आणि दारू सोडण्याचा निर्णय ज्या रात्री होतो ती आठवण. चित्रपट घेताना 'डॉक्टर स्लीप'ची चित्रपटगृहात लागलेली आवृत्ती आणि दिग्दर्शकाची तीन तासांची आवृत्ती अशा दोन्ही उपलब्ध असतील, तर दोन्ही कादंबऱ्या वाचून झालेल्या माणसाने लांब आवृत्ती निवडावी.